अठरा हजार ओळी, सहा आलेख आणि अकरा दिवस

काम एका ओळीचं होतं: ग्रंथालयाच्या चार शाखांच्या तीन वर्षांच्या देवघेव नोंदींवरून वार्षिक अहवालासाठी सहा आलेख. मुदत बारा दिवसांची. नोंदी सगळ्या मिळून अठरा हजार ओळींच्या आसपास. अकराव्या दिवशी काम हातावेगळं झालं. त्यातला दीड-दोन दिवसांचाच वेळ आलेख काढण्यात गेला, उरलेला सगळा गोषवारा खरा आहे की नाही हे ठरवण्यात. कुठलं बटण कुठे आहे ते शोधलं की सापडतं. पण बटण दाबल्यावर देखणा, आत्मविश्वासाने भरलेला आणि साफ चुकीचा आलेख का येतो, त्यासाठी हे टिपण आहे.

साधन विंडोजवरचं एक्सेल, आधीपासून असलेलंच, आणि त्यातलं पिव्होट टेबल (लांब यादीचा गोषवारा मांडणारा तक्ता) व त्यावरून निघणारा पिव्होट चार्ट. म्हणून खर्च झाला तो वेळेचा. इतर साधनांत काय वेगळं पडतं ते ओघात येईल.

पहिला दिवस: फक्त कागद

संगणक उघडलाच नाही. सहा प्रश्न कागदावर लिहिले आणि प्रत्येकासमोर तीन चौकटी आखल्या: आडव्या अक्षावर काय, रेघा किंवा रंग कशाचे, उंची कशाची. 'महिन्यानुसार, वर्षावर्षाची तुलना, दिलेली पुस्तकं' असं. हा शाळकरी खटाटोप वाटेल, पण पिव्होट टेबलमधल्या चौकटी नेमक्या याच आहेत. 'रोज'मध्ये (Rows, म्हणजे ओळी) टाकलेला रकाना आडव्या अक्षावर जातो, 'कॉलम्स'मधला रंगांच्या सूचीत, 'व्हॅल्यूज'मधला उंची ठरवतो. तिन्ही चौकटी भरता आल्या नाहीत तर तो प्रश्न अजून प्रश्न झालेलाच नसतो. आमचे दोन तसे निघाले. 'वाचकांचा कल कसा आहे?' याला अक्षच नव्हता. दुसऱ्याला सभासदांचं वय लागत होतं, ते नोंदींत नव्हतं. दोन्ही त्याच दिवशी बदलून घेतले आणि बदल मान्य असल्याचं लेखी मागून ठेवलं. तो कागद पुढे कामाला आला.

दुसरा ते पाचवा दिवस: नोंदी

दोन शाखांच्या फाइली लगेच मिळाल्या, तिसरीची चौथ्या दिवशी. चौथ्या शाखेने पाठवली ती यादी नव्हतीच, तयार गोषवारा होता: डावीकडे विषय, वर बारा महिने, शेवटी बेरजेचा रकाना. दिसायला हीच फाइल सर्वांत नीटनेटकी, कामाच्या दृष्टीने सर्वांत अडचणीची. पिव्होट टेबलला प्रत्येक ओळ म्हणजे एक घटना हवी असते. महिने रकान्यांत पसरलेले असले की 'महिना' नावाचा रकानाच उरत नाही, बारा वेगळे रकाने उरतात.

मूळ नोंदी पुन्हा मागितल्या. दोन वर्षांच्या आल्या, पहिल्या वर्षाच्या कुणाकडेच नव्हत्या. त्या वर्षापुरता गोषवारा उलटा उलगडावा लागला. तक्ता पॉवर क्वेरीत (माहिती आत घेऊन तिची मांडणी बदलणारं एक्सेलमधलं साधन) घेतला, विषयाचा रकाना निवडला, राइट-क्लिक करून 'अनपिव्होट अदर कॉलम्स' दिलं. बारा महिन्यांचे बारा रकाने उभे होऊन दोन होतात, एकात महिन्याचं नाव आणि दुसऱ्यात आकडा. त्याआधी बेरजेचा रकाना काढून टाकायचा, नाहीतर तोही तेरावा महिना बनून बसतो आणि सगळं दुप्पट होतं. अशा उलगडलेल्या ओळीत एकाच जागी ३४० पुस्तकं असू शकतात. त्यामुळे पुढे कुठेही ओळी मोजून चालणार नव्हतं, पुस्तकांच्या रकान्याची बेरीजच घ्यावी लागणार होती. शिवाय हे वर्ष फक्त पहिल्या आलेखात वापरता येणार होतं, कारण त्यात सभासद क्रमांक नव्हते. आलेखाखालच्या टिपेत हे लिहायचं, असं तेव्हाच नोंदवून ठेवलं.

दुसऱ्या शाखेची फाइल सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला साधा मजकूर, होती. डबल-क्लिक करून उघडली तर मराठीच्या जागी भलतीच चिन्हं. फाइल बिघडलेली नसते. एक्सेल तिची अक्षरं चुकीच्या सांकेतिक तक्त्याने वाचतं. 'डेटा' टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्यायचं आणि 'फाइल ओरिजिन'मध्ये ६५००१, म्हणजे युनिकोड यूटीएफ-८, निवडायचं. आणि चिन्हं दिसत असताना फाइल सेव्ह करायची नाही. तसं केलं तर मूळ अक्षरं खरोखरच जाऊ शकतात.

आता तारखा. इथे पूर्ण एक दिवस गेला आणि तो सार्थकी लागला. फाइलमध्ये तारखा आधी दिवस, मग महिना अशा लिहिलेल्या, संगणकाची मांडणी मात्र आधी महिना, मग दिवस अशी. अशा वेळी एक्सेल कुरकुर करत नाही. ०३/०४ ही ३ एप्रिलची नोंद तो ४ मार्च म्हणून बिनबोभाट स्वीकारतो. २५/०४ मात्र त्याला महिना म्हणून बसवता येत नाही, म्हणून ती साधा मजकूर म्हणून पडून राहते. रकाना रुंद करून पाहिला तर काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या दिसतात, काही डावीकडे. उजवीकडच्या एक्सेलला तारखा वाटल्या आहेत, डावीकडच्या मजकूर. बहुतेक जण डावीकडच्या दुरुस्त करतात. बिघडलेल्या असतात त्या उजवीकडच्या.

त्याचा आलेखावर होणारा परिणाम मोठा फसवा आहे. महिन्याच्या १ ते १२ तारखांच्या नोंदी, म्हणजे पाचातल्या दोन, आपला महिना सोडून वर्षभर विखुरतात. मग उन्हाळ्यातला उंचवटा आणि परीक्षेच्या दिवसांतला खड्डा दोन्ही बुजतात आणि रेघ शांत, समंजस होते. ती पाहून कुणाला शंका येत नाही. आम्हाला आली ती एवढ्यामुळे की चालू वर्षाच्या अजून न उजाडलेल्या महिन्यांतही पुस्तकं दिली गेली होती.

एकदा उलटलेली तारीख नुसतं बघून सरळ करता येत नाही, मूळ फाइलकडेच जावं लागतं. ती पुन्हा आत घेताना पॉवर क्वेरीत तारखेच्या रकान्यावर 'चेंज टाइप' मधलं 'युझिंग लोकेल' निवडलं आणि दिवस आधी लिहिणारा प्रदेश दिला. मूळ तारखा मजकूर म्हणूनच असतील तर 'टेक्स्ट टू कॉलम्स'च्या तिसऱ्या पायरीवर दिवस-महिना-वर्ष हा क्रम देऊनही काम होतं. पडताळणी सोपी आहे. सेलचा फॉरमॅट 'जनरल' करा. खरी तारीख असेल तर पाच आकडी संख्या दिसते, १ एप्रिल २०२५ ला ४५७४८. एक्सेल १ जानेवारी १९०० पासून दिवस मोजत येतं, त्याचा हा हिशेब. तारीख तशीच दिसत राहिली तर तो मजकूर.

तारखा सुधारल्यावर नावं. एकाच शाखेचं नाव गोषवाऱ्यात दोनदा येत होतं, कारण एकामागे रिकामी जागा होती. ट्रिम फंक्शन ती काढतं. पण वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरात १६० क्रमांकाची न तुटणारी जागा असते, ती ट्रिमला दिसत नाही. तिथे आधी सब्स्टिट्यूट वापरून ती साध्या जागेत बदलायची आणि मग ट्रिम.

मराठीतून नोंदी ठेवणाऱ्यांसाठी आणखी एक खड्डा आहे. 'कर्मचाऱ्यांसाठी' हा सभासद प्रकार दोनदा येत होता, दोन्ही अक्षरशः सारखे दिसणारे, मागेपुढे जागा नाही, काही नाही. लेन फंक्शनने लांबी मोजली तर एकाची एकाने जास्त. यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: एक 'ऱ' या स्वतंत्र अक्षराला हलन्त लावून, दुसरा साध्या 'र'ला हलन्त आणि त्यामागे न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही एकच, संगणकाच्या लेखी निराळी. दोन टंकलेखकांचे दोन कीबोर्ड, एवढंच कारण. मूळ यादीतला एक शब्द कॉपी करून 'फाइंड अँड रिप्लेस'ने दुसऱ्याच्या जागी टाकला. रकान्यातली वेगवेगळी नावं एकदा वेगळ्या शीटवर काढून, 'रिमूव्ह डुप्लिकेट्स' देऊन, वरपासून खालपर्यंत वाचायचीच. चाळीस नावं असतील तर दहा मिनिटं लागतात.

तिसऱ्या शाखेच्या फाइलमध्ये शाखेचं नाव एका मोठ्या जोडलेल्या सेलमध्ये आणि खालच्या दोनशे ओळी रिकाम्या. जोड सोडवली, रकाना निवडून 'गो टू स्पेशल'मधून 'ब्लँक्स', मग बरोबरचं चिन्ह, वरचा बाण आणि कंट्रोल-एंटर. सगळ्या रिकाम्या जागा वरच्या नावाने भरतात. लगेच कॉपी करून 'पेस्ट व्हॅल्यूज' करायचं, नाहीतर पुढे क्रम बदलला की ती सूत्रं भलत्याच ओळीकडे बघायला लागतात.

सहावा दिवस: गोषवारा

सगळ्या नोंदी एका शीटवर, एका मथळ्याखाली आणल्या. मथळ्याची एकही सेल रिकामी नको, ती असली की पिव्होट टेबल बनतच नाही. मग कंट्रोल-टी दाबून तिचं रीतसर टेबल केलं आणि नाव दिलं 'नोंदी'. हे टाळू नये. साधी सेलची हद्द दिली तर नंतर खाली जोडलेल्या ओळी गोषवाऱ्यात येत नाहीत, टेबल मात्र आपोआप वाढतं.

पिव्होट काढण्याआधी मदतीचे तीन रकाने जोडले. पहिला वर्ष-महिन्याचा, टेक्स्ट फंक्शनने २०२४-०४ अशा रूपात. वर्ष आधी असल्यामुळे तो अक्षरक्रमाने लावला तरी काळाचा क्रम बिघडत नाही. दुसऱ्यात प्रत्येक ओळीला १, व्यवहार मोजायला, उलगडलेल्या ओळींत मात्र रिकामा. तिसरा 'उशिरा परत', उशीर झाला तर १, नाही तर ०. या शून्य-एकच्या रकान्याची सरासरी घेतली की थेट प्रमाण मिळतं, टक्केवारीसाठी वेगळं सूत्र लागत नाही.

तारखांना पिव्होटमध्येच राइट-क्लिक करून 'ग्रुप' देता येतं हे खरं, आणि २०१६ पासूनचं एक्सेल ते स्वतःहूनही करतं. तरी मदतीचा रकाना बरा. एक म्हणजे गटवारी करताना फक्त 'महिने' निवडले आणि 'वर्षं' निवडायचं राहिलं, तर तीन वर्षांचे जानेवारी एकाच खांबात जमा होतात. दुसरं, एकाच टेबलवरून काढलेल्या पिव्होट टेबलांचा आतला साठा सामायिक असतो. एकात महिन्यांचे तिमाही गट केले की दुसऱ्यातही होतात, आणि कालचा आलेख आज का बदलला हे कळत नाही. तिसरं, ज्यांचं कामाचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही त्यांना या गटवारीचा तसाही उपयोग नाही.

पहिला पिव्होट काढल्यावर पुस्तकांच्या रकान्यासमोर बेरजेऐवजी 'काउंट' आला. रकान्यात कुठेतरी एखादी सेल मजकुराची असली की एक्सेल बेरजेचा नाद सोडून मोजदाद करतं. आवृत्ती जुनी असेल तर रिकामी सेलही त्याला पुरते. तिथे 'व्हॅल्यू फील्ड सेटिंग्ज'मध्ये 'सम' निवडून गप्प बसणं सोपं असतं. पण तो काउंट म्हणजे तक्रार आहे. शोधलं तर तीन ठिकाणी आकड्याऐवजी 'दोन' असं अक्षरात लिहिलेलं सापडलं. बेरजेत ते शून्य धरलं गेलं असतं.

मग जुळणी: पिव्होटमधली एकूण बेरीज आणि मूळ रकाना निवडल्यावर खालच्या पट्टीत दिसणारी बेरीज. दोन्ही एक आल्याशिवाय आलेखाकडे जायचं नाही, असा नियम केला.

सातवा आणि आठवा दिवस: आलेख

पिव्होटमध्ये कुठेही कर्सर ठेवून ऑल्ट-एफ१ दाबलं की त्याच शीटवर पिव्होट चार्ट येतो, एफ११ दाबलं तर स्वतंत्र शीटवर. पहिला आला तो छत्तीस महिने गुणिले चौदा विषय असा, रंगीत काड्यांचं जंगल. बिघाड आलेखात नव्हता, गोषवाऱ्यातच तेवढं भरलेलं होतं. पिव्होट चार्ट पिव्होट टेबलची सावली आहे, टेबल आवरलं की तो आवरतो. विषय बेरजेनुसार उतरत्या क्रमाने लावले, वरचे पाच ठेवले, उरलेले नऊ कंट्रोल धरून निवडून 'ग्रुप' केले आणि गटाचं नाव 'इतर' लिहिलं. 'टॉप टेन' गाळणीनेही पाच ठेवता येतात, पण मग बाकीचे गायबच होतात आणि टक्केवारी फुगते.

पहिला आलेख महिन्यांचा. छत्तीस बिंदूंची एकच लांब रेघ काढण्याऐवजी अक्षावर बारा महिने आणि प्रत्येक वर्षाची वेगळी रेघ ठेवली. हंगाम असाच दिसतो. त्यासाठी महिन्याचा आणि वर्षाचा असे सुटे रकाने पुन्हा लागले. महिन्यांची नावं मराठीत लिहिली तर ती अक्षरक्रमाने लागतात, एप्रिल, ऑक्टोबर आणि ऑगस्ट सगळ्यांच्या आधी. एक्सेलच्या पर्यायांत 'कस्टम लिस्ट्स'मध्ये बारा नावं क्रमाने भरून ठेवली की पिव्होट तो क्रम पाळतो. पण ती यादी त्याच संगणकावर राहते, म्हणून शेवटी ०१ ते १२ असे आकडेच ठेवले. एका शाखेत एका महिन्यात नोंदच नव्हती, तिथे तो महिना अक्षावरून गळला आणि रेघ शेजारच्या बिंदूला जाऊन चिकटली. 'फील्ड सेटिंग्ज'च्या 'लेआउट अँड प्रिंट'मध्ये 'शो आयटम्स विथ नो डेटा' लावल्यावर जागा परत आली.

शाखा आणि सभासद प्रकार यांसाठी १००% रचलेले खांब चालले. इथे एक बरं आहे: पिव्होट चार्टमध्ये एकूण बेरजेची ओळ कधीच येत नाही. गूगल शीट्समध्ये पिव्होटवरून निघतो तो साधा चार्ट, त्यात ती येते, आणि तिच्यापुढे बाकीचे खांब बुटके होऊन बसतात. तिथे आधी पिव्होटमधलं 'शो टोटल्स' काढायचं. लिबर ऑफिस कॅल्कमध्ये पिव्होट चार्ट २०१७ च्या ५.४ आवृत्तीपासून आहे.

सरासरी उशिराच्या आलेखात मी स्वतः घसरता घसरता वाचलो. चार शाखांच्या चार सरासऱ्या होत्या आणि पाचवा खांब 'सर्व शाखा' असा हवा होता. चारांची सरासरी काढून टाकली असती तर ती चुकली असती. समजा एका शाखेत ९,००० व्यवहार, सरासरी उशीर २ दिवस. दुसरीत १,००० व्यवहार आणि १२ दिवस. सरासऱ्यांची सरासरी ७ येते, खरी येते ३, कारण एकूण ३०,००० दिवस भागिले १०,००० व्यवहार. पिव्होटच्या 'ग्रँड टोटल' ओळीत खरा आकडाच असतो, कारण तो मूळ ओळींवरून काढलेला असतो. सरासरीची सरासरी हाताने काढायची नाही. 'कॅल्क्युलेटेड फील्ड'ची गंमतही ध्यानात असावी: तो आधी बेरजा करतो, मग सूत्र लावतो. भागाकाराला हे हवंच असतं. गुणाकारात मात्र बेरीज गुणिले बेरीज होऊन आकडा आभाळाला जातो.

उशिराच्या दिवसांचं वितरण दाखवायला हिस्टोग्राम हवा होता. एक्सेलने नकार दिला. हिस्टोग्राम, वॉटरफॉल, ट्रीमॅप हे २०१६ साली आलेले प्रकार आणि जुने स्कॅटर, बबल, स्टॉक पिव्होटच्या आकड्यांवर चालत नाहीत. यावर तोड अशी की उशिराचे दिवस 'रोज'मध्ये टाकून, राइट-क्लिक, 'ग्रुप', सुरुवात ०, टप्पा ७. मग ०-६, ७-१३ असे गट पडतात. त्यांवर साधे खांब काढून 'गॅप विड्थ' शून्याजवळ आणली की हिस्टोग्रामच. परत न आलेल्या पुस्तकांना उशिराचा आकडाच नसतो. ती गाळली आणि किती गाळली ते आलेखाखाली लिहिलं.

वेगवेगळे सभासद किती, हा सहावा प्रश्न. नेहमीचा काउंट एकाच माणसाला दहादा मोजतो. 'डिस्टिंक्ट काउंट' हा पर्याय यादीत दिसत नाही, कारण पिव्होट बनवतानाच 'ॲड धिस डेटा टू द डेटा मॉडेल' ही खूण करावी लागते. नंतर सुचून उपयोग नाही. तसा केलेल्या पिव्होटमध्ये कॅल्क्युलेटेड फील्ड चालत नाही, म्हणून या एका प्रश्नासाठी वेगळा पिव्होट ठेवला. आणि या आकड्यांची आपण बेरीज करायची नाही. दोन शाखांत जाणारा सभासद दोन्हीकडे मोजला जातो, एकूणात मात्र एकदाच.

नववा दिवस: पिव्होट चार्ट की साधा

सहापैकी तीन पिव्होट चार्ट ठेवले, तीन साधे केले. एकात हाताने दुरुस्त्या करायच्या होत्या, एक स्कॅटर होता, एकात बाहेरची उद्दिष्टाची रेघ घालायची होती. अडचण अशी की पिव्होटमधल्या सेल निवडून चार्ट काढला की तो आपोआप पिव्होट चार्टच होतो. यावर उपाय तीन. गोषवारा कॉपी करून दुसरीकडे नुसते आकडे चिकटवायचे. किंवा लांब एका रिकाम्या सेलवर उभं राहून रिकामा चार्ट टाकायचा आणि 'सिलेक्ट डेटा'तून एकेक मालिका जोडायची. किंवा वेगळा छोटा तक्ता करून त्याच्या सेलना सूत्राने पिव्होटशी जोडायचं. बरोबरचं चिन्ह देऊन पिव्होटच्या सेलवर क्लिक केलं की गेटपिव्होटडेटा नावाचं लांबलचक सूत्र येतं, ते बघून लोक घाबरतात आणि बंद करून टाकतात. पण ते जागेवरून आकडा उचलत नाही, नावावरून उचलतं. पिव्होटमध्ये वर दोन ओळी वाढल्या तरी ते चुकत नाही. साधं सेलचं सूत्र चुकतं. घाई होती म्हणून दोन आलेखांना आकडे चिकटवले, एकाला सूत्रं दिली.

मग रंगरंगोटी, लवकर आटपलेली. 'फील्ड बटन्स'मधून 'हाइड ऑल' देऊन करडी बटणं घालवली. खांबांचा अक्ष शून्यापासून. अहवाल काळ्या-पांढऱ्यात छापला जाणार होता, म्हणून रंगसूची काढून वर्षांची नावं रेघांच्या टोकाशीच लिहिली. आडव्या पट्ट्यांत पहिला क्रमांक तळाशी जातो, अक्षाच्या मांडणीत 'कॅटेगरीज इन रिव्हर्स ऑर्डर' केलं की वर येतो.

दहावा दिवस: मंजुरी आणि उशिरा आलेल्या ओळी

सकाळी मसुदा वर गेला, दुपारी शेरे आले. एक शेरा त्रिमितीय पाय चार्ट करा असा. विषयांच्या पट्ट्यांऐवजी फोडी! १९८४ साली क्लीव्हलंड आणि मॅकगिल या संशोधकांनी प्रयोगांती दाखवलं होतं की माणसाची नजर एका रेषेवरच्या लांब्या अचूक ताडते आणि कोनांत जास्त चुकते. तो युक्तिवाद न करता त्याच आकड्यांचे दोन्ही आलेख शेजारी ठेवून पाठवले आणि तिसरा विषय मोठा की चौथा, एवढंच विचारलं. पट्ट्या राहिल्या. दुसरा शेरा वयोगटाचा आलेख कुठे आहे असा. पहिल्या दिवशीची लेखी मान्यता पाठवली.

संध्याकाळी तिसऱ्या शाखेने राहिलेल्या दोनशेबारा ओळी पाठवल्या. त्या टेबलच्या खाली चिकटवल्या, कंट्रोल-ऑल्ट-एफ५ दाबून सगळं ताजं केलं. तीन पिव्होट चार्ट बदलले. सूत्रांनी जोडलेला बदलला. आकडे चिकटवलेले दोन जिथल्या तिथे. एकाच पानावर दोन आलेखांतल्या एकूण बेरजा वेगळ्या, आणि दोन्ही तितकेच गुळगुळीत. सहाव्या दिवसाचा जुळणीचा नियम होता म्हणून ते दिसलं. रात्री दोन्ही आलेख सूत्रांवर नेले, तासभर लागला. प्रत्येक आलेखाच्या कोपऱ्यात 'एकूण' आकडा देणारी एक सेल जोडली, छपाईच्या आधी ती झाकली. बहुतेक आवृत्त्यांत पिव्होट चार्ट आपणहून ताजा होत नाही हेही इथेच सांगायला हवं. 'पिव्होट टेबल ऑप्शन्स'च्या 'डेटा' पानावर 'रिफ्रेश डेटा व्हेन ओपनिंग द फाइल' ही खूण आहे, ती केलेली बरी. त्याच पानावर 'नंबर ऑफ आयटम्स टू रिटेन पर फील्ड' हे 'नन' केलं, तेव्हा कधीच दुरुस्त झालेली दुहेरी नावं गाळणीच्या यादीतून गेली.

अकरावा दिवस: पाठवणी

आलेख अहवालाच्या फाइलमध्ये साध्या पेस्टने चिकटवले तर कधी कधी मागे आख्खी वर्कबुक जोडली जाते. वाचणाऱ्याने आलेखावर 'एडिट डेटा' दिलं की सभासद क्रमांकांसकट सगळं उघडं. म्हणून 'पेस्ट स्पेशल'मधून चित्र म्हणून चिकटवले.

फाइलही मागितली होती, 'नुसते गोषवारे आणि आलेख'. नोंदींची शीट काढून टाकली, तरी पिव्होटमधल्या एका बेरजेवर डबल-क्लिक केलं तर नवीन शीटवर त्यामागच्या सगळ्या ओळी, क्रमांकांसह, हजर. शीट जाते, पिव्होटच्या पोटातला साठा राहतो. तिथे 'सेव्ह सोर्स डेटा विथ फाइल' ही खूण काढली, उघडताना ताजं करण्याचीही काढली. सभासदांच्या मोजणीचा पिव्होट डेटा मॉडेलवरचा, त्याच्या नोंदी मॉडेलमध्ये वेगळ्या असतात. तो पिव्होट उडवून त्याजागी नुसते आकडे ठेवले आणि पॉवर क्वेरीच्या जोडण्या, मॉडेल सगळं काढलं. फाइल सेव्ह करून बंद केली, पुन्हा उघडली आणि प्रत्येक गोषवाऱ्यातल्या एकेका बेरजेवर डबल-क्लिक करून पाहिलं. मूळ आकडे सोबत सेव्ह केलेले नाहीत, असा संदेश आला. मग ती पाठवली.